एका पोटाचं माप

माझ्या सासूबाई मनकर्णाबाई यांना झोपेतून उठवून विचारा, शंभर ताटांना पोहे किती? सहा किलो. तेल, कांदे, मिरच्या, सगळं धडाधडा सांगतील. भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या कँटीनमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली एकतीस वर्षं काढली त्यांनी. स्वतःबद्दल मात्र तोंडातून अक्षर निघायचं नाही. सात वर्षं झाली मला या घरात, धड भांडायलासुद्धा मिळालं नाही. मी पडले फटकळ, मला असं मुकं माणूस सोसत नाही.

काम सुटल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून त्या वैशाली नगरच्या बगिच्यात जाऊ लागल्या. तिथल्या ममता मॅडम दरवर्षी बायकांना घेऊन हिमालयात पाच दिवस पायी जातात. त्यांनी आईंची चाल पाहिली आणि नाव लिहून घेतलं. माझे मालक, प्रफुल, हसायलाच लागले. पण आई म्हणाल्या, "जातो मी." लग्न आणि मयत सोडून त्या उभ्या जन्मात कुठं गेल्या नव्हत्या. मीच भांडले मग प्रफुलशी.

अट एकच होती. वाटेत काही मिळत नाही, पाच दिवसांचं खाणं आपलं आपण न्यायचं, आणि पाठीवरची पिशवी आठ किलोच्या वर गेली तर ममता मॅडम नेणार नाहीत. अकरा जणींत आईच सगळ्यात वयस्कर, त्यामुळं त्यांच्यासाठी तर अजिबात सूट नव्हती. बाकीच्या बायकांनी गरम पाणी ओतून खायची तयार पाकिटं मागवली. एकेक साडेतीनशेला! मी म्हटलं, आग लागो त्या पाकिटांना, आपण घरीच बनवू. आणि आईंना घेऊन स्मृति नगरच्या पुढं जे मोठं गोदामासारखं थोक दुकान आहे, तिथं गेले.

बाप्पा, काय बदलली ती बाई तिथं! छतापर्यंत रचलेली पोती पाहून माहेरी आल्यासारखी चालून राहिली. पोहे मुठीत घेऊन फुंकर मारून पाहिले, शेंगदाणा दाताखाली फोडला, सोयाबीनच्या वड्या नाकाला लावल्या. मी दूध पावडर शोधून येते तोवर दुकानातल्या ढकलगाडीत पोह्यांचं पोतं, दहा किलो वड्या आणि गुळाची अख्खी भेली. मी कपाळाला हात लावला.

"आई, शंभर ताटं नाही, एक ताट. तुमचं एकटीचं किती, तेवढं सांगा."

त्या गाडीचा दांडा धरून उभ्या राहिल्या.

"माह्या पोटाले किती लागते, मले काय माहीत?" त्या म्हणाल्या. "सारे जेवले की रांधायच्या गंजाच्या बुडाशी राहे, तेच खाल्लं."

घरातही तेच चाललं होतं की! आम्ही जेवून उठलो की त्या बसायच्या आणि मी ओटा पुसायला लागायचे. सात वर्षांत त्यांच्या ताटात काय आहे हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. लाज वाटली मला माझी.

सगळं थोडं थोडं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आईंना एकटीला जेवायला बसवलं. साठ ग्रॅम पोहे तोलून केले, कँटीनचं माप. ते संपवून त्या उठायला लागल्या. मी दटावलं, खाली बसा, पोट भरलं का? आधी हाव म्हणाल्या, मग नाही म्हणाल्या. आणखी साठ केले. मग आणखी तीस. तेव्हा कुठं त्यांनी ताट सरकवलं आणि ढेकर दिली. माझ्याकडं पाहून लाजल्या. मी वहीत दीडशे लिहिलं आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाऊन डोळे पुसून आले.

मग आठ दिवस आम्ही दोघी त्याच उद्योगाला. पोहे भाजले, डाळ शिजवून गच्चीवर वाळवली, सत्तूत गूळ किसला, दीडशेच्या हिशेबानं पुड्या बांधल्या. निघायच्या सकाळी पिशवी काट्यावर ठेवली तर साडेनऊ किलो! आईंनी शांतपणे पिशवी उघडली आणि आपल्या पुड्या काढायला लागल्या. पोहे, सत्तू, डाळ.

मी खालपर्यंत हात घातला. तळाला लाडवांचे दहा पुडे होते, बाकीच्या दहा जणींसाठी. कधी वळले होते कोण जाणे.

मी त्यांचा हात धरला. "आई, त्या आपापलं आणून राहिल्या. तुमच्यासाठी कोणी आणणार नाही."

दहाही पुडे मी बाहेर काढले. त्यांनी अडवलं नाही. त्यांनी काढलेल्या पुड्या मी एकेक करून परत आत भरल्या. काटा आठच्या खाली आला. तरी त्या पिशवीकडं पाहतच होत्या.

"मंग हे सारं माह्या एकटीचं?" त्यांनी विचारलं.

"हाव," मी म्हणाले, आणि पिशवी उचलून त्यांच्या पाठीवर दिली.