बेडीचा आवाज

साउथहॅम्प्टनच्या बंदराजवळ एका छोट्या म्युझियममध्ये एक म्हातारबुवा गोष्ट सांगायचे. दर वाक्याआधी "नाऊ देन" म्हणायचे आणि टायच्या टोकाने चष्मा पुसायचे. गोष्ट ठरलेली. इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला पाठवलेले कैदी होडी चोरून पळतात आणि अनोळखी किनाऱ्याच्या कडेकडेने उपाशीपोटी जात राहतात. शेवटी "पकडले!" असं ओरडून बुवा टेबलावर खरीखुरी लोखंडी बेडी आपटायचे. लोक दचकले की ते खूश. मला तो आवाज नकोसा व्हायचा.

२००६च्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली, तिला तिथे नेलं. मी तिला मराठीत सांगत होते. बुवांनी बेडी उचलली, तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, थांबव त्यांना! त्या पोरांना खायला कोणी घातलं, ते विचार आधी."

मी विचारलं. बुवा थबकले.

"नाऊ देन," ते हळूच म्हणाले, "तिथल्या मूळ लोकांनी. मासे दिले, गोडं पाणी कुठे आहे ते दाखवलं. किनारा त्यांचाच होता."

"चला, पोटात काहीतरी गेलं म्हणायचं," आईने सुस्कारा सोडला.

बुवांनी तिच्याकडे पाहिलं आणि झोपलेल्या बाळाजवळ भांडं ठेवावं तशी बेडी अलगद खाली ठेवली.

त्या दुपारी ते कैदी काही पकडले गेले नाहीत.