प्रिन्स मिकलचे वारस

अथलीन मिकल एकेचाळीस वर्षं दर जानेवारीत एक काम न चुकता करत आली. बेटावरून बस धरायची, जिल्ह्याच्या गावी जायचं, कराच्या खिडकीवर दहा एकरांचा कर भरायचा आणि घरी येऊन पावती चरबीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. बाकीचे दिवस ती शेजारच्या बेटावरच्या हॉटेलात खोल्या साफ करायची. तिचा धाकटा भाऊ सोल खेकडे धरायचा, आणि उरलेल्या वेळात बहिणीला चिडवायचा.

"ताई, सगळ्या खानदानाचा कर तू एकटीच भरतेस. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौसच भारी तुला."

"कर भरतो त्याची जमीन असते," अथलीन म्हणायची. अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या त्या किनाऱ्यावरचा कुणीही काळा माणूस हेच म्हणाला असता, आणि तितकाच फसला असता.

पावतीवर तिचं नाव नसे. 'प्रिन्स मिकलचे वारस' एवढंच असे. प्रिन्स तिचा आजोबा. गुलाम बापाच्या या पोराने मिठागरासारखी खारट जमीन एकेक एकर करत विकत घेतली, आणि मृत्युपत्र मात्र केलं नाही. आळसाने नव्हे. त्याचा शेजारी ब्लायगन एकदा खरेदीचा कागद नोंदवायला कोर्टात गेला होता. कागद गोऱ्या कारकुनाच्या टेबलावर गहाळ झाला आणि ब्लायगन स्वतःच्याच जमिनीवर मजूर झाला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे प्रिन्सला वेगळं शिकवावं लागलं नाही. मरायच्या आधी त्याने सहाही मुलांना ओकच्या झाडाखाली बोलावून सांगितलं, "ही सगळ्यांची. कुणी एकट्याने नाव लावायचं नाही. सगळ्यांची असली की कुणाला हिसकावता येणार नाही."

जमीन कुणालाच नको होती तोवर हे खरं ठरलं. मग पूल झाला, पुलामागून गोल्फची मैदानं आली, आणि जिथे डासांशिवाय कुणी फिरकत नव्हतं तिथे गाड्या थांबून लोक समुद्र पाहू लागले.

त्यात वादळाने अथलीनचं छप्पर नेलं. सरकारी मदत होती, पण घर ज्या जमिनीवर उभं ती जमीन तिच्या नावावर असल्याचा कागद हवा होता. तिने डबा उघडून पावत्या दाखवल्या. कचेरीतल्या बाईने त्या नीट चाळल्या आणि कागद नाही तर मदत नाही म्हणून परत दिल्या. बँकेतल्या साहेबाने खुर्ची दिली, पाणी दिलं, कर्ज तेवढं नाही दिलं. सगळे अगदी सभ्यपणे वागले. चीड येते ती त्याचीच. छपरावर सोलने निळी ताडपत्री बांधली आणि तिच्याखाली दोघांनी तीन वर्षं काढली.

मृत्युपत्र नसल्यामुळे सहा मुलांची जमीन आता अठरा नातवंडांत सारख्या हिश्शांनी आली होती. मग कोर्टाचं पत्र आलं. फिलाडेल्फियातल्या वेंडेल नावाच्या चुलतभावाने आपला अठरावा हिस्सा एका कंपनीला सहा हजार डॉलरला विकला होता, आणि त्या कंपनीला आता वाटणी हवी होती. अथलीनने त्याला फोन लावला.

"वेंडेल, जमीन विकलीस?"

"जमीन नाही गं, माझा हिस्सा. सतरा उरलेत की तुम्हाला."

"डोळ्यांनी तरी पाहिली आहेस का ती कधी?"

"नाही पाहिली. पण घराचे हप्ते थकले होते, अथलीन. आमच्या वस्तीतल्यांना बँक उभं करत नाही. कर्ज देतात ते दुप्पट व्याज लावतात. दारात माणूस चेक घेऊन आला. मला वाटलं, देवानेच धाडला."

"देवाने धाडलेला माणूस वकील घेऊन येत नाही रे."

तिला त्याला शिव्या द्यायच्या होत्या, पण बँकेतली ती खुर्ची आठवली आणि तिने फोन ठेवला.

दहा एकरांचे अठरा तुकडे केले तर कुणाच्याच कामाचे राहणार नाहीत, असं न्यायाधीश म्हणाले, आणि ते हिशोबाने बरोबर होतं. म्हणून सगळीच विकायची आणि पैसे वाटायचे. लिलाव सोमवारी सकाळी, कोर्टाच्या पायरीवर. प्रिन्सने जन्मभर टाळलेली ती पायरी अथलीन रविवारची टोपी घालून चढली. चर्चने आणि नातेवाइकांनी मिळून एकतीस हजार जमवले होते. तिने एकदाच हात वर केला. कंपनीच्या माणसाने तिच्याकडे न बघता पुढचा आकडा सांगितला, आणि एक लाख नव्वद हजारांवर सगळं संपलं. विक्रीतून कंपनीच्या वकिलाची फी वजा झाली. तिने इतकी वर्षं भरलेला करही त्याच विक्रीतून परत मागता येतो, हे तिला कुणी सांगितलं नाही.

भावाबहिणीच्या वाट्याला मिळून अठरा हजार आले. त्यात हमरस्त्यालगत अर्धा एकर आणि एक जुनं चाकांवरचं घर बसलं. नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "कोणाकोणाची नावं घालायची?"

सोलने खिशातून ओळखपत्र काढलं. अथलीनने त्याच्या हातावर हात ठेवला.

"एकच नाव. अथलीन मिकल."

"ताई, माझेही पैसे आहेत त्यात."

"आहेत. तू मरेपर्यंत तिथे राहशील, मी लिहून देते. पण तुझी चार पोरं चार शहरांत आहेत, सोल. उद्या एकाच्या दारात माणूस चेक घेऊन येईल."

"माझी पोरं तशी नाहीत."

"वेंडेलही तसा नव्हता."

मुलगी पेन धरून थांबली होती. सोलने ओळखपत्र परत खिशात घातलं आणि तो बाहेर जाऊन गाडीत बसला. परतीच्या वाटेवर त्याने तिला एकदाही चिडवलं नाही.

घरी अथलीनने तो कागद चरबीच्या डब्यात पावत्यांवर ठेवला. एकेचाळीस पावत्यांवर जे नाव कधी आलं नव्हतं ते या कागदावर होतं, एकटंच. तिला त्याची लाज वाटली.