विहिरीतली साखराबाई

तलवाड्याच्या जत्रेतलं राणीचं नाटक दिवसाउजेडी होतं, कारण मेंढरं परतायच्या वेळेला धनगरांना उठावं लागतं. गावातल्याच कुण्या जुन्या मास्तरांनी ते लिहिलं. राजा राणीवर संशय घेतो, राणी हात जोडून म्हणते, "महाराज, चूक माझीच होती," आणि विहिरीत उडी घेते. मग राजा तिला क्षमा करतो आणि रडत बसतो. राजाचं काम करायचा मान गावच्या अर्जुनरावांच्या घराण्याचा, तेव्हा रडणं आवरा म्हणायची कुणाची छाती!

विहीर म्हणजे मंचामागचा खड्डा. त्यात कडबा अंथरतात आणि राणीला झेलायला साखराबाई घोंगडी पसरून बसते. लग्न होऊन आली तेव्हापासून हे काम तिचंच. राणी व्हायचे राधाकिशन शिंपी. अंगानं भरभक्कम गडी. वर राजा टाहो फोडायचा, खाली मेलेली राणी तंबाखू मळायची.

साखराबाईनं नाटक समोरून कधी पाहिलंच नाही. कडब्याचा गोडसर वास, वर आभाळाची निळी चिंधी, तेवढ्यात तिचे डोळे मिटू लागायचे. मग राधाकिशनच्या जागी छबू यायची, तिची थोरली बहीण. ओला पदर पिळत शेजारी टेकायची आणि विचारायची, "साखरे, कोकरू कुठंय गं?"

छबूनं खरोखरच्या विहिरीत उडी घेतली होती. नवऱ्यानं संशय घेतला म्हणून. साखरा तेव्हा लहान, कोकरू उराशी धरून काठावर उभी. छबू जाताना आपली चूक कबूल करून गेली, लई गुणाची बाई, असं गावानं मागाहून ठरवलं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! काठावरच्या पोरीला मात्र कुणी काही विचारलं नाही, आणि तिनंही जन्मभर तोंड उघडलं नाही. ते तिला आतून खात राहिलं.

औंदा राधाकिशनचे गुडघे धरले आणि राणीचं काम साखराबाईच्या नातीला, धनश्रीला मिळालं. पहिल्यांदाच बाई राणी होणार होती. धनश्री गेवराईला कॉलेजात जुनी शोकांत नाटकंच शिकते. तालमीवरून आली ती फुरंगटून.

"आजे, आमच्या बाई म्हणत्यात, असल्या नाटकातल्या राण्या मरताना माफी कावून मागत्यात, ते आधी इचारा. लिहिणारे गडी, रडणारे गडी. हिनं केलंय काय? ते वाक्य माझ्या तोंडातून निघत न्हाई."

"अर्जुनराव काय म्हणले?"

"वाक्य गाळलं तर पुढच्या साली बाई न्हाई घ्यायची म्हणले."

साखराबाईनं घोंगडीवरचे गोखरूचे काटे वेचून टाकले. मग म्हणाली, "तुला पटंल तसं कर. मी खाली हाय."

नाटकाच्या दिवशी ऊन मऊ होतं. खड्ड्यात साखराबाईला पुन्हा तशीच गुंगी आली. वर धनश्रीची पावलं काठावर थांबली. वाक्याची जागा आली तशी गेली. पोरीनं हात जोडले नाहीत, नुसतं राजाकडे पाहिलं आणि उडी घेतली.

घोंगडीत ओझं पडलं. साखराबाईनं ते छातीशी आवळलं. क्षणभर ती छबूच होती. पण कोरडी, ऊबदार अंगाची, श्वास घेणारी. म्हातारीला रडू फुटलं.

वर नाटक अडलं. चूक कबूलच झाली नाही, तर राजा क्षमा कशाची करणार? अर्जुनराव काठाशी येऊन वाकले. दबक्या आवाजात म्हणाले, पण गळ्यातला माईक चालूच होता. "धनश्री, वाक्य म्हण की. चूक माझीच होती, म्हण."

साखराबाई उठून उभी राहिली. केसांत कडबा, डोळ्यांत पाणी. मंचाच्या फळीवर तिनं हात टेकला. तिचं डोकं वर आलेलं साऱ्या जत्रेनं पाहिलं.

"ती काय बी बोलली न्हाई," ती म्हणाली. "मी होते तिथं. माझी छबू काय बी बोलली न्हाई."