कोरा पट्टा

परदेशी निघायच्या दिवशी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि अण्णा अजून ठोकत बसले होते. माझे वडील तांबट. पुण्यातल्या आमच्या गल्लीत तांबं ठोकता ठोकता त्यांचे कान गेले, म्हणून घरात सगळे ओरडूनच बोलतात. शेवटी उठून त्यांनी एक पातेलं माझ्या हातात दिलं. अंगभर हातोडीच्या ठोक्यांचे ठसे, फक्त काठाखाली चार बोटांचा पट्टा कोरा.

"अर्धवट काय देताय?" मी ओरडलो.

"राहिलंय ते राहू दे," म्हणाले, आणि पुन्हा खाली बसले.

मी शाळेत होतो तेव्हाच ते म्हणाले होते, "तू विकणारा. तुझा हात घडवणाऱ्याचा नाही." ते मी विसरलो नव्हतो. म्हणून मला अर्धाच माल, असं मी धरून चाललो. चेरीवूडच्या ऑफिसात मी कंपनीसाठी खरेदीचे करार करतो. समोरचा कितीही खाली आला तरी एकदा खुर्चीतून उठून दाखवतो. इथवर कोणाचा हात धरून आलो नाही. पातेलं सिटीवेस्टच्या घरात, किचनच्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, डाळींच्या डब्यांमागे पडून राहिलं.

लॉकडाऊन लागला आणि शेजारच्या युमिकोबाईंशी कुंपणावरून बोलणं वाढलं. त्या जपानच्या. त्यांच्या तांब्याच्या किटलीवर मला तसेच ठोके दिसले. गावाकडे त्यांचा भाऊ अजून किटल्या ठोकतो. मी पातेलं आणून दाखवलं, खरं तर अण्णांविषयीचं गाऱ्हाणं सांगायला. त्यांनी कोऱ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"माझे वडीलही भावासाठी अशी जागा सोडायचे. पुढे काम चालवणाऱ्यानं तिथे हात बसवायचा. तुम्ही अजून सुरू नाही केलंत?"

मी आत आलो. काहीच वाटलं नाही. चहा ठेवला.

रविवारी व्हिडिओ कॉलवर पट्टा कॅमेऱ्यासमोर धरला आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "हा माझ्यासाठी सोडला होता का?" अण्णांच्या मागे दुकानाची भिंत रिकामी दिसत होती. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी हत्यारं गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. त्यांनी कागद सावकाश वाचला.

"सोडला होता. तू विचारलं नाहीस."

"तुम्ही सांगितलं का कधी?" मी केवढ्यांदा ओरडलो. त्यांना ऐकू गेलं नाही.

मग मी हातोडी आणली. मागच्या शेडमध्ये बाकाला ऐरणीसारखी पहार आवळली आणि पातेलं तिच्यावर पालथं घातलं. आता दर रविवारी मोबाईल समोर ठेवून बसतो. फ्लाइट्स बंदच आहेत.

"आतून टेकू घट्ट हवा. ठोक्याला ठोका लागू दे. नुसतं बघून काय भाव करतोयस, हाताकडे बघ," अण्णा सांगतात.

माझे ठोके वाकडे पडतात. मुलगी कानांवर हात ठेवून येते, बघते, "इट्स ग्रँड, बाबा," म्हणते आणि जाते.  अण्णा ते पुसून टाक असं म्हणत नाहीत.

हे वाचणाऱ्या आमच्या तांबट मंडळींनो, तुमच्यातले जे गल्लीत राहिले त्यांनी दुकानाला आता लागलेलं कुलूप पाहिलंच असेल. जे माझ्यासारखे बाहेर पडले ते विचारतात, घरी कधी जाणार? घर म्हटलं की आता मला ही शेड दिसते, आणि आवाज ऐकू येत नसताना माझ्या हातावर नजर लावून बसलेला एक माणूस. कुठलाही सौदा मी लांबू देत नाही. पट्टा दोन बोटं उरलाय. मी रविवारी मुद्दाम एकच ओळ ठोकतो.