दाजींची सही

आमच्या दाजींइतका मोकळ्या मनाचा आणि बंद पेनाचा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. मिरजगावात त्यांचं जळालेल्या पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरून द्यायचं दुकान आहे. मागाल ते देतील, फक्त सही मागू नका. पोस्टमनने रजिस्टर पत्र आणलं की त्याला चहा पाजतील, पाकीट उन्हात धरून आत काय असेल ते सांगतील आणि तसंच परत करतील. "पत्ता बरोबर हाय, पन मानूस त्यो न्हवं." खिशाला मात्र कायम दोन पेनं, लोकांना वापरायला.

हे मला लग्नाआधीच कळलं होतं, आणि तोच माझा गुन्हा. धाकट्या बहिणीसाठी हे स्थळ मीच आणलेलं. याद्यांच्या बैठकीत ठरलेलं सगळं कागदावर उतरलं. दाजींना वडील नव्हते, म्हणून मुलाकडची सही त्यांनीच करायची. "शब्द दिला की दिला, कागद कशाला राबवायचा?" म्हणत ते पान खायला उठले. मंडळी चुळबुळली. मी "शब्दाचा माणूस!" असं ओरडून त्यांच्या जागी स्वतःच सही ठोकली. मुलीकडूनही मीच केली होती. म्हणजे तो सगळा करार मी माझ्याशीच केला.

पुढे बहिणीचं अपेंडिक्स अचानक सुजलं. डॉक्टर संमतीचा फॉर्म घेऊन उभे, आणि दाजी त्यातल्या छपाईच्या चुका काढत उभे. "ह्यातला श फुटलाय बगा." मी नगरहून पोचून सही केली, तेव्हा कुठे तिला आत नेलं. शुद्धीवर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "दादा, मी आता मिरजगावला जायची नाही."

दोन वर्षं ती आमच्याकडेच राहिली. मग वकीलबाईंनी समजावलं, संमतीने घटस्फोट हवा तर अर्जावर दोघांच्या सह्या लागतात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा दोघांनी हजर राहून हो म्हणायचं. मी सवयीने विचारलं, "त्यांच्या जागी मी केली तर?"

"मग पुढची सही तुरुंगाच्या रजिस्टरात."

"दादा," बहीण म्हणाली, "तू आता कुठंच सही करू नकोस."

तिने एकटीनेच अर्ज केला, छळाचं कारण देऊन. वकीलबाई म्हणाल्या, "ते सही करत नाहीत म्हणून कोर्ट अडत नाही. समन्स पोचलं म्हणजे झालं."

बेलिफ समन्स घेऊन गेला. दाजींनी त्याला भेळ चारली, त्याच्या मळ्यातल्या मोटारीचा बिघाड बसल्या जागी सांगितला, सही दिली नाही. नियमाप्रमाणे त्याने दोन पंचांसमोर समन्स दाराला चिकटवलं. ते तिरकं लागलं. दाजींना तिरकं काही बघवत नाही. त्यांनी आतून डिंक आणला आणि पंचांदेखत स्वतःच्या हाताने सरळ लावून दिलं. बेलिफाने तसं लिहून नेलं. समन्स इतकं पक्कं पोचलेलं वकीलबाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

तारखेला दाजी न चुकता यायचे, म्हणजे आवारापर्यंत. आत त्यांच्या नावाचा पुकारा व्हायचा आणि बाहेरच्या बाकावर ते दुसऱ्या पक्षकारांना त्यांचे वकील कुठे चहा पितात ते सांगत असायचे. मी हाताला धरून ओढलं. "पाव्हनं, आत गेलं की सही घेत्यात!" शेवटी खटला एकतर्फी चालला. बहिणीची साक्ष झाली, माझी झाली. याद्यांवरच्या दोन्ही सह्या माझ्याच, हे मी कोणी न विचारता कबूल केलं. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. निकाल तिच्या बाजूने लागला.

बाहेर आलो तर दाजी उठून उभे राहिले.

"झालं?"

"झालं," बहीण म्हणाली.

"माज्या सहीबिगर?"

"तुमच्या सहीबिगर."

ती निकालाची नक्कल मागायला खिडकीकडे गेली. दाजी खाली बसले.

"पाव्हनं," ते म्हणाले, "मला वाटलं हुतं, तिचं येवढं एक तरी माज्यावाचून अडंल."

या निकालासाठी मी अर्ज केल्या दिवसापासून देव पाण्यात ठेवले होते. पण त्या क्षणी मला तिथून हलवेना. मी त्यांच्या शेजारी बसलो. खिडकीपाशी रांग होती, आणि आमची दोघांची नजर तिच्या पाठीवर होती. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.