भेटायला येणारी माणसं

आजारी माणसाला भेटायला जाणं आमच्या केदारखेड्यात कुणी चुकवत नाही. कोरोनातही चुकवलं नाही. वडील पॉझिटिव्ह निघाले तेव्हा मी रजा टाकून जालन्याहून गावी आलो आणि दारातच खुर्ची टाकून बसलो. लोक बिस्किटांचे पुडे घेऊन येत आणि मी दिवसभर तेच ते सांगून त्यांना परत पाठवी. घसा बसला.

धाकट्या चुलत्यांनी मात्र ऐकलं नाही. "जीव माझा हाय. भावाला भेटायला तुझी परवानगी लागती का?"

"काका, तुमच्या घरात लेकरं आहेत."

त्यांनी मला बाजूला सारलं, मास्क खिशात घातला आणि वडिलांचा हात हातात घेऊन पलंगावर बसले.

पुढं त्यांनाच ताप आला. वडील नुकतेच हिंडू-फिरू लागले होते. टोपी घालून निघाले. मी दाराला कडी लावली.

"तो आल्ता मला भेटायला," एवढंच ते म्हणाले.

मग मी गावभर फोन करून सगळ्यांना बजावलं. या खेपेला लोकांनी बराबर ऐकलं. चुलत्यांच्या दाराशी चिटपाखरूही फिरकलं नाही.

ते बरे झाले. लेकरांना काही झालं नाही. माझं चुकलं नाही, हे मी अजूनही स्वतःला सांगतो आणि सांगून थकतो.

आता मी गावी असताना आमच्याकडं कुणाला साधी सर्दी झाली तरी चुलते येतात. फाटकाबाहेर उभे राहून मला विचारतात, "येऊ का, साहेब?"