भाकरीचा आवाज

आमच्या नव्या मांजरीला भाकरी थापण्याच्या आवाजाची भीती वाटते. प्राण्यांच्या आश्रमातून तिला आणलं, तेव्हा तिथल्या बाई एवढंच म्हणाल्या, "हिने मार खाल्लाय. घाई करू नका." आम्ही घाई केली नाही. कपाटाखाली जुनी गोधडी अंथरली. कुकर लावला की स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायला शिकलो. हळूहळू ती ओट्याजवळ येऊन बसू लागली. पण परातीत पहिली थाप पडली, की अंग चोरून कपाटाखाली.

लहानपणी हाच आवाज आला की आम्ही खेळ टाकून घरात पळत यायचो. तिला त्यात काय ऐकू येतं ते कळलं, आणि तेव्हापासून माझा हात परातीवर नीट चालत नाही.

"मग पोळ्या कर काही दिवस," नवरा म्हणाला. केल्या. पण त्याला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. म्हणून आज गोळा परातीत न ठेवता दोन्ही तळव्यांत धरला आणि आवाज न करता फिरवत फिरवत वाढवला. भाकरी जाड झाली, कडेला चिरलीसुद्धा. मांजर मात्र जागची हलली नाही. मला इतकं बरं वाटलं, की मी सहज वरच्या फळीवरचा पिठाचा डबा काढायला हात उचलला.

ती जमिनीला चिकटली. डोळे मिटून घेतले तिने.

माझा हात तसाच वर राहिला. तो खाली कसा आणावा, ते मला कळेना.